म्हात्रे सिस्टरचं फॅमिली फोल्डर

दर सोमवारी सकाळी नऊ वाजता आमच्या लायब्ररीत शिळ्या वर्तमानपत्रांची तपासणी होते. तपासणारी बाई टेबलाशी उभी राहते, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढते आणि एकेक पान उलटून बाजूला टाकत जाते.

"हे नको. ह्याच्यावर गनपती आहे. हे पन नको, मयताच्या जाहिराती. हा कोन? आमदार? नको रे बाबा."

शेवटी पंधरावीस पानं पसंत पडतात. त्यांच्या घड्या काखोटीला मारून ती निघते आणि दारातून विचारते, "भाऊ, गुजराती संपला काय?"

या म्हात्रे सिस्टर. मी गोखिवऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या एका बाजूला बिजागऱ्यांचा कारखाना आहे, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बाटल्यांचा गाळा, आणि मध्ये आमचं ज्ञानमंदिर. ग्रंथपालाने वर्तमानपत्रांचे जुने अंक जपावेत असा संकेत आहे. म्हात्रे सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे शिकवायला येईपर्यंत मी तो पाळला. आता माझ्याकडे फक्त आमदार, गणपती आणि मयत झालेली माणसं उरतात.

प्रकरण असं आहे. नर्सिंगची मुलं शिक्षणाचा भाग म्हणून वस्तीत जातात. घरोघर जाऊन ताप, बाळंतीण, साखर, लसी यांची चौकशी करतात. खांद्याला एक बॅग असते. ती बॅग कुठेही टेकवायची नसते. आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, मग हात धुवायचे आणि मगच ती उघडायची. ही पद्धत पुस्तकात आहे आणि परीक्षेत तिला मार्क आहेत. वर्तमानपत्र कुठल्या भाषेतलं असावं, हे मात्र पुस्तकात नाही. ते म्हात्रे सिस्टरच्या डोक्यातून निघालं.

नालासोपाऱ्याला जौनपूरकडच्या माणसाची खोली असेल तर हिंदी पेपर. वसईच्या बाजारामागे गुजराती. सोपारा गावातल्या मोहल्ल्यासाठी उर्दू. तो आमच्याकडे येत नाही, म्हणून सिस्टर तो एका फळवाल्याकडून मिळवतात आणि त्या बदल्यात त्याचं बीपी बघतात. जिथे कोणालाच वाचता येत नाही तिथे चित्रांचं पान. चित्रातही निवड असते. हॉटेलातल्या जेवणाचं चित्र चालत नाही, "त्यांच्याकडे आज चूल पेटली का ते आपल्याला ठाऊक आहे काय?" आणि पेपर पसरायचा तो घरातल्या माणसाला सुलटा दिसेल असा. नर्सला उलटा दिसला तरी चालेल.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसलो होतो. म्हणालो, "सिस्टर, जंतूंना भाषा कळते?"

त्यांनी माझ्याकडे, एखाद्या मुलीने थर्मामीटर उलटा धरल्यावर बघतात तसं बघितलं. "जंतूंना नाय कळत, भाऊ. मानसाला कळते. आपन कोनाच्या घरात शिरतो तेव्हा सगळं आपल्याला ठाऊक असतं. बीपी म्हनजे काय, साखर किती, गोळी कुठली. त्याला काय ठाऊक असतं? काय नाय. पेपर त्याच्या भाषेतला असला की निदान एक गोष्ट त्याला आपल्याआधी कळते. मग तो आपल्याला सांगतो, तुम्ही वाचलं काय, अमुक ठिकानी पूर आला. झालं. आता तो सांगनारा आनि आपन ऐकनारे."

मी पुस्तकांच्या सहवासात आयुष्य काढलेला माणूस. वाचनाचा असा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

सिस्टर मूळच्या इथल्याच, नायगावच्या खाडीकडच्या गावातल्या. घरची भातशेती होती. तिच्यात आता टॉवर उगवलेत. बोलण्यात ण नाही आणि तो आणायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, चाल मात्र अशी की मागच्या मुलींना पळावं लागतं. बाकी सगळ्या शिक्षिका 'मॅडम' आहेत. ह्यांना मॅडम म्हटलेलं चालत नाही. "मॅडम मला साडीचा दुकानदार म्हनतो," हे त्यावरचं त्यांचं उत्तर. त्यामुळे ज्या इमारतीत शेदोनशे भावी सिस्टर वावरतात, तिथे नुसतं 'सिस्टर' म्हटलं की एकच बाई समजली जाते.

त्यांच्या पहिल्या तासाला मी एकदा मागे बसलो होतो. प्रोजेक्टर दुरुस्त करायला गेलो आणि राहिलो. सिस्टरनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. म्हणाल्या, "डॉक्टर नाय, दवाखाना नाय. तुमच्या आईनं तुमचा ताप कसा उतरवला ते सांगा. लाजायचं नाय."

सगळी लाजली. मग केरळातल्या घराची एक मुलगी म्हणाली, तुळस आणि मिरी. वसई गावातल्या एका कॅथलिक मुलीची आजी कपाळावर व्हिनेगरची पट्टी ठेवून जपमाळ म्हणायची. आझमगढकडच्या एका मुलाच्या आईने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या. त्यावर पहिल्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"कोन हसलं?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "उभी राहा. तुझ्याकडे दृष्ट काढत नाहीत?"

"काढतात, सिस्टर. पण मीठमोहरीनं."

"मग बस. उद्या ह्याच्या आईकडे गेलीस आनि अशी हसलीस, तर ती तुला मिरच्या सांगनार नाय. मिरच्या सांगनार नाय तर पोराला तीन दिवस ताप आहे हे पन सांगनार नाय. ताप उतरवायला आपल्याकडे गोळी आहे. हसू उतरवायला गोळी नाय."

विद्यार्थ्यांचा मोठा शत्रू म्हणजे कॉलेजचा फॉर्म. त्याला फॅमिली फोल्डर म्हणतात. मुलांनी एक कुटुंब निवडायचं, तीनदा भेटायचं आणि त्या घरची सगळी माहिती त्यात भरायची. फॉर्मचं मराठी कुणा विद्वानाने केलं असावं. आमचा एक विद्यार्थी नालासोपाऱ्यात एका रिक्षावाल्यासमोर बसून वाचत होता, "आपल्या निवासस्थानी मलविसर्जनाची काय व्यवस्था आहे?" रिक्षावाला बराच वेळ आदराने ऐकत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, ये कौनसा दफ्तर में जमा करना है?"

"असं विचारलं की मानसाला वाटतं कोर्टात आलो," सिस्टर म्हणाल्या. "विचारायचं, संडास घरात की बाहेर. बाहेर असेल तर रात्री बायका कशा जातात. आनि हे पहिल्या दिवशी विचारायचं नाय. पहिल्या दिवशी फक्त पानी प्यायचं."

"त्यांचं पाणी?" मुलगा घाबरला.

"नाय, तुझ्या बाटलीतलं. त्यांच्यासमोर बसून." हे उपरोधाने होतं हे त्याला दोन दिवसांनी कळलं.

या वर्षी आमच्या संस्थेला विविधतेचा झटका आला. अध्यक्षांनी कुठे तरी ऐकलं की, परिचारिकांना निरनिराळ्या समाजांची सेवा करायला तयार करणं हा आता फार महत्त्वाचा विषय आहे. त्यासाठी त्यांनी तिसऱ्या मजल्यावर 'सांस्कृतिक सक्षमता कक्ष' उघडायचं ठरवलं. आमच्याकडे सरावाचे चार रबरी पुतळे आहेत. एरवी मुलं त्यांना इंजेक्शनं टोचतात. ते धुऊनपुसून एकाला कोळणीचं लुगडं नेसवलं, एकाला बुरखा घातला, एकाच्या डोक्याला मुंडासं बांधलं आणि चौथ्याला पिसं लावली. चौथ्याच्या गळ्यात पाटी होती: 'आदिवासी समूह'.

जव्हारकडच्या पाड्यावरून आलेली प्रमिला गावित तिथे उभी होती. तिसऱ्या वर्षाची, फार कमी बोलणारी मुलगी. कोणी तरी तिला विचारलं, "तुमच्याकडे असं घालतात?"

प्रमिला पिसांकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे जीन्स घालतात."

उद्घाटनाला पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. ते पाऊण तास बोलले. त्यात 'वंचित घटक' हा शब्द इतक्यांदा आला की पुढच्या रांगेतल्या मुली बोटांवर मोजायला लागल्या. शेवटी प्रश्न आहेत का, म्हणून विचारलं. आमच्याकडे या वेळी प्रश्न नसतात, आभार असतात. पण सिस्टर उठल्या.

"सर, ह्या चारपैकी कोनाला रात्री छातीत कळ आली तर ती पहिला फोन कोनाला करते?"

तज्ज्ञ हसले. "मॅडम, या प्रातिनिधिक आकृती आहेत."

"हां, मग ठीक. त्यांना कळ येनार नाय."

अध्यक्षांनी घाईने आभारप्रदर्शन पुकारलं. सिस्टर बाहेर पडल्या आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी फरशीवर अंथरलेल्या झेंडूच्या पाकळ्यांवरून घसरल्या. घोट्याला तडा गेला. सहा आठवडे प्लास्टर, असं निदान झालं. कक्षाचा पहिला उपयोग असा झाला की सिस्टरना बसवायला मुंडासेवाल्या पुतळ्याची खुर्ची कामाला आली.

या पडण्याने खरी अडचण झाली ती प्रमिलाची.

प्रमिलाचं फॅमिली फोल्डर कोरं होतं. तिला नालासोपारा पूर्वेला एक खोली मिळाली होती. तिथली बाई घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायची. पहिल्या भेटीला प्रमिला दोन तास बसून परत आली. फोल्डरमध्ये एक अक्षर नव्हतं, बोटांना मात्र गोंद होता. तेव्हा सिस्टर धडधाकट होत्या. त्यांनी तिला लायब्ररीत माझ्या टेबलासमोर उभी केली आणि विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"आहे. अडीच वर्षांचं. ताप आला की आकडी येते. मागच्या महिन्यात दोनदा. नवऱ्याला सांगितलं नाही तिनं."

"का?"

"तो म्हणेल गावी पाठवतो. गावी सासू आहे."

"तिची पाळी चुकलीय काय?"

"दोन महिने झाले. तेही नाही सांगितलं त्याला."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. इतर मुलांना ही माहिती तीन भेटींत मिळत नाही. "मग लिहिलं का नाहीस, बाय?"

प्रमिला नखातला गोंद काढत राहिली. "तिनं मला सांगितलं. कागदाला नाही सांगितलं."

"अगं, पन कागदावर नाय आलं तर मार्क कुठून येनार?"

"सिस्टर, आमच्या पाड्यावर खूप लोक फॉर्म भरायला आले. मी लहान होते तेव्हापासून. आई दर वेळी बिनदुधाचा चहा करायची. सगळं सांगायची. कोणी परत नाही आलं." मग ती म्हणाली, "माझ्या हातात फॉर्म बघितला की मला तीच माणसं आठवतात."

सिस्टरनी माझ्या टेबलावरचे पेपर सारखे केले. मग म्हणाल्या, "पोराला घेऊन ती परवा दवाखान्यात येईल असं बघ. लिहायचं आपन नंतर बघू."

ती बाई दवाखान्यात आली. मुलाचं औषध सुरू झालं. पण मध्येच सिस्टर पडल्या आणि लिहायचं राहिलं. तिसऱ्या भेटीला प्रमिला गेली तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "वो लोग गए. बोईसर साइड." इकडे भाड्याच्या खोलीचे अकरा महिने भरले की माणसं भांडीकुंडी बांधून निघतात. निघताना फोल्डरवर सही करून जात नाहीत.

प्राचार्या बाई नियमाने चालणाऱ्या. शनिवारपर्यंत कुटुंबप्रमुखाच्या सहीनिशी पूर्ण फोल्डर आलं नाही, तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं, तर प्रमिलाच्या काकांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. ते लोक 'पुढचं शिकवू' असंही म्हणत होते. त्याचा अर्थ प्रमिलाला माहीत होता आणि मलाही.

गुरुवारी सकाळी माझा फोन वाजला.

"भाऊ, त्या पोरीला माझ्याकडे घेऊन या. माझं घर घे म्हनावं. मी आजारी आहे, घर माझ्या नावावर आहे, सही मला येते. अजून काय पायजे?"

प्राचार्या बाईंनी विचार करून परवानगी दिली. कर्मचाऱ्यांपैकी कोणी तरी साक्षीला हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. "तुम्हीच जा," त्या मला म्हणाल्या, "लायब्ररीत तसंही कोणी येत नाही." हे खरं असल्यामुळे मी निघालो.

सिस्टरचं घर गावाच्या शेवटच्या आळीत आहे. समोर एक चौदा मजली टॉवर, मागे खाडीची चिखलवाट, आणि मध्ये हे कौलारू घर, मोठ्या माणसाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणाऱ्या पोरासारखं. पडवीत सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. प्लास्टरचा पाय पाटावर. केस विंचरून, स्वच्छ साडी नेसून, अगदी तपासणीला तयार असलेल्या पेशंटसारख्या.

"ये," त्या प्रमिलाला म्हणाल्या. "मला ओळखायचं नाय. मी कोन आहे?"

"पेशंट."

"हां. वाईट पेशंट आहे मी. गोळ्या घेत नाय. चालू कर."

प्रमिलाने सगळं रीतीने केलं. पाणी प्यायली. पेपर पसरला, हात धुतले, बीपी घेतलं, प्लास्टरच्या खालची बोटं दाबून रंग बघितला. सिस्टर पेशंट व्हायचं मधूनमधून विसरत होत्या. "पट्टा सैल आहे... मला काय ठाऊक, मी अडानी बाई." मग फॉर्म निघाला. विहिरीचं पाणी की नळाचं, संडास कुठे, कचरा कुठे, याची उत्तरं त्या प्रश्नाच्या आधीच देत होत्या, आणि प्रमिला लिहीत होती. मला वाटलं, अर्ध्या तासात आम्ही मोकळे होणार.

मग प्रमिलाने पान उलटलं. कुटुंबातील सदस्यांचा तक्ता होता, आठ ओळींचा. त्याच्या डोक्यावरची सूचना मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आहे. तिने वाचली, "कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणाऱ्या दोन किंवा अधिक व्यक्ती."

म्हात्रे सिस्टरनी ही ओळ आजवर कितीतरी मुलींकडून वाचून घेतली असणार. ती आपल्यालाही लागू आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"लिही," त्या म्हणाल्या. "पहिली मी. मालती हरिश्चंद्र म्हात्रे."

प्रमिलाने लिहिलं. "दुसरं?"

सिस्टरनी पदर सारखा केला. टॉवरकडे बघितलं. "दुसरी माझी आई. लिही. वय चौऱ्याऐंशी."

मी भिंतीकडे बघितलं. तिथे सिस्टरच्या आईंचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार होता. तो हार कॉलेजतर्फे तीन वर्षांपूर्वी मीच आणला होता. प्रमिला माझ्या बाजूला, त्याच भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"डाव्या कानानं कमी ऐकायला येतं," सिस्टर सांगत होत्या. "मोतीबिंदू काढलाय. साखर आहे, पन चहात गूळ लपवून टाकते. मी कामावरून आले की पहिलं विचारते, आज कोनाकडं गेली होतीस गो? मग मी सांगते. अमकीचं पोर, तमकीचा नवरा. तिला काय कळत नाय त्यातलं. पन ऐकून घेते. झोप येईपर्यंत ऐकते. मधी मधी 'मग?' म्हनते."

एकदा एका मुलीने न बघता 'पाणी उकळून पितात' असं लिहिलं होतं, तेव्हा याच बाईने ते पान फाडून तिच्या हातात दिलं होतं. मी खोकलो. सिस्टरनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"आजींचं बीपी घेऊ?" प्रमिलाने विचारलं.

"झोपलीय आत."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर धुतलेली चादर चार कोपरे जुळवून घडी घालून ठेवली होती.

"नाय म्हनजे, भावाकडे गेलीय. समोर. चौदाव्या मजल्यावर." सिस्टर आता भराभर बोलत होत्या. "तू लिही बाय, शनिवार आहे परवा. लिहायचं काम कर."

प्रमिलाने फोल्डर त्यांच्याकडे वळवलं. त्यांना सुलटं दिसेल असं. दुसरी ओळ कोरी होती.

"मी नाही लिहिलं, सिस्टर."

"अगो, वर्ष जाईल तुझं."

"जाईल."

समोरच्या टॉवरच्या लिफ्टचा आवाज इकडे पडवीत ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. मग प्रमिलाने फोल्डर बाजूला ठेवलं आणि तिने विचारलं, फॉर्ममध्ये नसलेलं, "तुमचं जेवण कोण करतं आता?"

"भावाकडून डबा येतो."

"गरम असतो?"

"चौदा मजले उतरून येतो. तोपर्यंत काय राहील." मग जरा वेळाने, "तसं मला एकटीला लागतं किती."

"आज आला?"

"येईल. विसरतात कधी कधी. त्यांना पन कामं आहेत."

प्रमिलाने फोल्डर पुन्हा उचललं. तक्त्याच्या डोक्यावरची ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात, ओठ हलवत. मग ती उठली. ओढणी कमरेला खोचली.

"तांदूळ कुठे आहेत?"

"कशाला?"

"कुठे आहेत सांगा ना."

"फळीवर, स्टीलच्या डब्यात. अगो पन..."

"सर," प्रमिला मला म्हणाली. तीन वर्षांत ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. "हॉस्टेलवर सांगाल? प्लास्टर निघेपर्यंत मी इथे राहते. घरी पेशंटची काळजी घेणं अभ्यासात आहे. पुस्तक तुमच्याकडेच आहे."

पुस्तक माझ्याकडेच होतं. तो भाग कोणत्या प्रकरणात आहे हेही मला ठाऊक होतं. मी सांगेन म्हणालो.

सिस्टरनी पाटावरचा पाय उगाच इकडचा तिकडे केला. आत डबा उघडल्याचा, तांदूळ धुतल्याचा, गॅस पेटल्याचा आवाज आला. मग प्रमिला ओले हात पुसत बाहेर आली आणि जमिनीवर बसून फोल्डरमध्ये लिहायला लागली. दुसरी ओळ: प्रमिला काशिनाथ गावित. वय वीस. व्यवसाय विद्यार्थिनी. शिक्षण चालू. प्रकृती ठीक.

शेवटच्या रकान्याशी ती थांबली. तिथे 'कुटुंबप्रमुखाशी नातं' असं छापलं आहे.

"सिस्टर, इथं काय लिहू?"

म्हात्रे सिस्टर खाडीच्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या. वळल्या नाहीत.

"ते मागाहून बघू," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच करडा काढायचा त्यांनी प्रयत्न केला. "आधी भात बघ. उतू चाललाय."

मी आत डोकावलो. गॅस बारीक होता. भाताला अजून उकळीसुद्धा आली नव्हती.